अण्णा ठणठणीत आहेत तरी मी रडतेय, कुणाला असं व्हायलंय का?

गोदाकाठची_लेक | २५ एप्रिल २०२१, रात्री १:१०

नमस्कार. इतके दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. कुठून सुरू करावं कळंना.

माझं माहेर गंगाखेड तालुक्यात. आम्ही राहतो औरंगाबादला, बजाजनगरात, मिस्टर वाळूजला कंपनीत आहेत. माहेरी आई-अण्णा, दादा-वहिनी आणि त्यांची लेकरं. अण्णा ६८ वर्षांचे, शुगर आहे, तरुणपणी बिड्या ओढल्यात त्यामुळं थंडीत दम लागतो. पण आजच्या घडीला घरात कुणालाच काही झालेलं नाही. कुणी कोरोना पॉझिटिव्ह नाही, साधा ताप नाही. अण्णांनी मार्चमध्ये लसीचा पहिला डोस पण घेतलाय. गावातल्या बऱ्याच जणांनी घेतला नाही, त्यांनी घेतला.

तरी मी रोज रडायलेय. सकाळी फोन हातात घेतला की स्टेटसला कुणाचा तरी हार घातलेला फोटो आणि खाली भावपूर्ण श्रद्धांजली. शाळेतल्या मैत्रिणीचे वडील, नंतर आमच्या चुलत्याचा व्याही, मग अण्णांसोबत पारावर बसणारे दोघं एकाच आठवड्यात. त्यातल्या एकांच्या मांडीवर मी लहानपणी खेळलेय. माणसं अशी पटापट गळायलीत आणि मला वाटतं आता नंबर आमच्या घराचा. रात्री ११ नंतर फोन वाजला की काळीज लकलक करतं, स्क्रीनवर नाव बघायची हिंमत होत नाही, मिस्टरांना म्हणते तुम्हीच बघा.

आता जे लिहितेय ते कुणालाच सांगितलेलं नाही. परवा मोबाईलची गॅलरी बघत होते, अण्णांचे फोटो. एक पुतणीच्या बारशातला फेट्यातला, एक गळ्यात टाळ घेतलेला. आणि माझ्या ध्यानात आलं की मी फोटो नुसते बघत नव्हते, निवडत होते. स्टेटसला कोणता टाकायचा ते. फेट्यातला चांगला येईल, मागं गर्दी आहे पण क्रॉप होईल असं डोक्यात चालू होतं. जित्या बापाचा फोटो. मोबाईल पलंगावर फेकला आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत बसले.

आणि हे एवढ्यावर थांबत नाही. अंत्यविधीला वीसच माणसांना परवानगी आहे तर कोण कोण जाईल, मला ई-पास वेळेत मिळेल का, जिल्हाबंदीत गाडी कुठं अडवतील, आईला कोण धरेल, सगळं सगळं मनात होऊन गेलंय. तेरावं सुद्धा झालंय.

त्यातून आता असं झालंय की अण्णांचा फोन आला की मला आवाज फुटत नाही. मग मी लवकर ठेवते नाहीतर पोराच्या हातात देते. मागच्या आठवड्यात तर उचललाच नाही, नंतर दादाला मेसेज केला की आंघोळीला गेले होते. बोलणं झालंच तर माझं एकच, ऑक्सिजन किती आहे, मास्क लावला का, पारावर गेला होता का. ते हो नाही हो नाही करतात आणि आईकडं फोन देतात.

मिस्टर म्हणतात अगं ते नांगरटीला ट्रॅक्टरमागं फिरायलेत आणि तू इथं काय लावलंयस. सासूबाईंनी एकदा रडताना बघितलं तर म्हणाल्या जित्या माणसाचं रडू नये, अभद्र असतं, घरात शोभत नाही. त्यांचं पण चुकत नसंल. पण मग मी हे रडू ठेवू कुठं? हे काही वेडबिड लागायची लक्षणं आहेत का? कुणाला असं होतंय का, होत असंल तर काय करता?

---

काढा_किंग_बीड | २५ एप्रिल, सकाळी ७:३२

काही होत नाही ताई. टीव्ही बंद करा. गुळवेल, आलं, मिरे टाकून दोन टाइम काढा द्या अण्णांना. माऊली आहे पाठीशी. जय हरी 🙏

---

नाईट_ड्युटी | २५ एप्रिल, सकाळी ९:०५

टीव्ही बंद करा हे बरोबर. काढा प्यायला द्या पण त्याच्या भरवशावर दुसरा डोस चुकवू नका म्हणावं.

ताई मी सिस्टर आहे, कोविड वॉर्डात, आत्ताच ड्युटी करून आले, आंघोळ झाली आणि तुमचं वाचलं. झोपायच्या आधी दोन गोष्टी लिहून टाकते, चुका असतील तर समजून घ्या, डोळे मिटायलेत.

पहिलं, तुम्हाला वेड लागलेलं नाही. आमच्यातली अर्धी पोरी घरी आईबापाला फोन करताना असंच करतात. मी स्वतः.

दुसरं, जे हातात आहे तेवढं भावाला एकदाच नीट सांगून ठेवा म्हणजे रोज रोज अण्णांची उलटतपासणी करायची गरज राहणार नाही. घरात ऑक्सिमीटर असेल तर बोट गार नको, नखावर मेंदी नको, हात चोळून कोमट करून मग लावा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. शेतकरी माणसाच्या बोटाची कातडी जाड, एकदम कमी दाखवलं तर घाबरायच्या आधी दुसऱ्या बोटाला लावून बघा. ताप खोकला आला तर अंगावर काढायचं नाही, लगेच टेस्ट. सहा मिनिटं घरातल्या घरात चालवून परत बघायचं. ९४ च्या खाली जायला लागलं की गावातल्या डॉक्टरचं सलाइन घेत बसायचं नाही, गाडी काढायची. गाडी मिळेपर्यंत पोटावर झोपवायचं, त्यानं ऑक्सिजन थोडा सुधारतो. आणि शुगर आहे म्हणून हे खास, कुणाच्या सांगण्यावरून मेडिकलमधून स्टेरॉइडच्या गोळ्या आणून द्यायच्या नाहीत, शुगर भडकते. कोणत्या दवाखान्यात न्यायचं, गाडी कुणाची, आधार कार्ड आणि जुन्या फायली कुठं आहेत हे भावाला आजच ठरवून ठेवायला सांगा. ठरलं की तो विषय बंद.

आता तिसरं (दोनच म्हणाले होते पण असू द्या). वॉर्डात आम्ही नातेवाइकांना व्हिडिओ कॉल लावून देतो. तिकडून लोक नुसते रडतात. पेशंटला मास्क लावलेला असतो, धड बोलता येत नाही, आणि तोच बिचारा हातानं रडू नका रडू नका करत त्यांना धीर देत बसतो, त्यात त्याचाच श्वास चढतो. आणि पेशंटला विचारायचं काय असतं माहितीये का? परवा एका आजोबांनी विचारलं, काळी म्हैस व्याली का. एवढंच. तिकडं कुणाला सांगता येईना कारण सगळे रडायले होते. शेवटी मीच फोन घेतला आणि विचारलं, अहो म्हशीचं काय झालं ते सांगा आधी. व्याली होती, पारडी झाली होती. आजोबांना घरी सोडलं नंतर, बरे आहेत.

बहुतेक लोक बरे होऊन घरीच जातात हो. स्टेटसला ते कुणी टाकत नाही.

---

बोला_मोकळं_नांदेड | २५ एप्रिल, दुपारी ४:४०

ताई, मी समुपदेशक आहे, हल्ली फोनवरच काम चालू आहे, आणि गेल्या काही दिवसांत तुमच्यासारखं सांगणारे खूप जण भेटले. माणूस समोर आहे आणि दुःख आधीच सुरू झालंय, याला आमच्याकडं अँटिसिपेटरी ग्रीफ म्हणतात. कॅन्सरच्या पेशंटच्या घरच्यांमध्ये हे कायम दिसायचं. आता साथीमुळं ज्यांच्या घरात कुणी आजारीच नाही त्यांनाही व्हायलंय. कारण उघड आहे, मरण रोज कानावर येतंय आणि त्यासोबतचे आपले जे रीतिरिवाज, मांडीवर डोकं घेणं, पाणी पाजणं, खांदा देणं, भावकी जमणं, ते सगळं बंद झालंय. तुमचं दुःख दुहेरी आहे, अण्णा जातील याचं आणि गेले तर आपल्याला नीट निरोपही देता येणार नाही याचं.

तुम्ही फोटोचं लिहिलं ते वाचून मला तेवढी काळजी वाटली नाही, मन अशी रंगीत तालीम करतं. फोन न उचलण्याचं लिहिलंत तिथं मी थांबलो. यावर एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. एरिक लिंडेमन नावाचे मनोविकारतज्ज्ञ होते अमेरिकेत, बॉस्टनला १९४२ मध्ये एका नाइटक्लबला मोठी आग लागली होती, त्यातून वाचलेल्यांवर आणि मेलेल्यांच्या नातेवाइकांवर त्यांनी काम केलं आणि १९४४ मध्ये ते छापलं. त्यात शेवटी त्यांनी युद्धावर गेलेल्या एका सैनिकाचं लिहिलंय. तो जिवंत परत आला, तर बायको म्हणाली माझं आता तुझ्यावर प्रेम नाही, मला घटस्फोट हवा. झालं असं होतं की तो मरणारच असं धरून तिनं त्याचं सगळं दुःख आधीच करून टाकलं होतं, मनातून त्याला सोडून दिलं होतं, आणि आता तो दारात उभा तर त्याला जागाच नाही.

तुमचं तिथपर्यंत गेलंय असं मी अजिबात म्हणत नाही. पण तुमच्या मनानं हळूच अंग काढून घ्यायला सुरुवात केलीय, म्हणजे पुढं दुखू नये म्हणून आत्ताच लांब. अण्णांना मात्र एवढंच दिसतंय की लेक पहिल्यासारखी बोलत नाही.

म्हणून सांगतो, रडणं दाबू नका, मोरीत रडा, इथं लिहा, मैत्रिणीला फोन करा. मनात तालीम सुरू झाली की पायाखालची फरशी, हातातलं भांडं, पोराचा आवाज, जे आत्ता आहे तिथं स्वतःला आणायचं, लगेच जमत नाही, जमतं हळूहळू. पण अण्णांचा फोन उचलायचा. आवाज कापला तर कापू द्या.

जेवण तुटलं, झोप कित्येक दिवस येईना, पोराकडं लक्ष देणं होईना असं झालं तर वाट बघू नका, मानसोपचार डॉक्टरांशी बोला. सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन असते, चोवीस तास, मराठीतही बोलतात, पैसे लागत नाहीत.

---

मोसंबीवाला_जालना | २५ एप्रिल, रात्री ९:१८

वरच्या सरांचं पटलं पण एक सांगू का, लोकांचा एक समज असतो की आधीच मनाची तयारी केली की नंतर सोपं जातं. माझ्या आईला किडनीचा आजार, डायलिसिसवर होती, म्हणजे आम्हाला डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलेलं. मी तर प्रत्येक सणाला हा शेवटचाच म्हणून रडून घ्यायचो. मागच्या सप्टेंबरात कोविडनं गेली. आधी रडलो होतो म्हणून एक थेंब कमी रडलो नाही. हे हप्त्यातलं कर्ज नाही की आधी भरलं म्हणून शेवटी कमी येईल. तेव्हा ताई आगाऊ भरायच्या भानगडीत पडू नका.

दुसरं म्हणजे हे अभद्र प्रकरण. आमची आई स्वतःच बोलायची, मी गेल्यावर पाटल्या थोरलीला द्या, धाकटीला बोरमाळ, जरीचं लुगडं माझ्यावर टाकू नका उगं जाळण्यात जाईल, शेजारच्या मावशीला द्या. घरात सगळे तिच्यावर ओरडायचे, काहीतरी अभद्र बोलू नको. ती गप्प बसायची. मी एकटा ऐकून घ्यायचो, ते पण मोठा ज्ञानी म्हणून नाही, डायलिसिसला मशीनपाशी चार चार तास बसायचं, करणार काय. मग ती बोलायची आणि मधीच मरण सोडून भलतंच काहीतरी सांगायला लागायची, तिच्या माहेरची विहीर, कुणाचं लग्न कसं मोडलं, आणि हसायची.

म्हाताऱ्या माणसांना मरणाचं बोलायची एवढी भीती नसते, भीती आपल्याला असते. तुमचे अण्णा टाळवाले दिसतात, त्यांनी तर रोज हरिपाठात हेच म्हटलंय.

---

औसेकर_मामा | २६ एप्रिल, सकाळी ६:१५

हे बघ माय, मी काही शिकलेला माणूस नाही, नातवानं टाइप करायला शिकवलंय, जमंल तसं लिहितो. तुझं वाचलं आणि आमच्या आईची याद आली.

३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप, पहाटे चारच्या आत. आदल्या दिवशी गणपती बुडवून माणसं दमून झोपली होती. आमची बहीण किल्लारीपाशी दिली होती. मातीचं माळवद, दगडाच्या भिंती, सगळं अंगावर. गेली ती. तिचं काय झालं ते लिहीत नाही, हात चालंना.

त्यानंतर आई घरात झोपायची बंद झाली. आमचं घर उभं होतं तरी अंगणात बाज टाकायची, आणि नुसती एकटी नाही, आम्हा सगळ्यांना बाहेर काढायची, पाऊस असो थंडी असो. रात्री उठून एकेकाच्या तोंडावर हात ठेवून बघायची श्वास चालू हाय का. मी तवा बाप्या माणूस, लग्न झालेला, मला लाज वाटायची. आणि दिवसा ती आमच्याकडं बघून डोळ्याला पदर लावायची, आम्ही जितेच होतो समदे तिच्यासमोर, पण तिला ते दिसंना. भाकरी करून ताट वाढायची आणि घाई करायची, लवकर जेवा लवकर बाहेर चला. तिच्यासोबत बसून निवांत जेवलेलं मला त्या वरसांतलं आठवत नाही. आजूबाजूच्या गावात लई जणांचं असंच झालं होतं, पत्र्याच्या शेडात राहतील पण पक्क्या घरात पाय ठेवणार नाहीत.

कुणी किती समजावलं, भगत झाला, डॉक्टर झाला. सुटलं कशानं तर आमचा थोरला जन्मला, त्याला बाहेर डास चावायले, अंगावर चट्टे उठले, तर ही म्हणाली लेकराला आत घ्या, आणि त्याच्यासोबत सोता पण आत आली. झोपली. भ्या गेलं नव्हतं, शेवटपर्यंत पत्रा वाजला की उठून बसायची. पण डास मोठा झाला त्या रात्री.

तुझ्या सासूला वाईट वाटून घेऊ नको. ती बी भ्यालेलीच हाय, फक्त तिची तऱ्हा वेगळी.

---

गोदाकाठची_लेक | २६ एप्रिल, सकाळी ११:५०

मामा, तुमचं वाचून खूप रडले आणि डासाच्या वाक्याला हसू पण आलं. बहिणीचं वाचून काय बोलावं कळंना.

सगळ्यांचे आभार. सिस्टरताई तुमचा मेसेज जसाच्या तसा दादाला पाठवला, तो म्हणाला गाडी सरपंचाच्या भावाची सांगून ठेवलीय आधीच, फायली आईच्या लोखंडी पेटीत आहेत. म्हणजे तो पण मनातल्या मनात हेच करत होता आणि मला कळू देत नव्हता.

सर, फोन न उचलण्याचं तुम्ही लिहिलं ते टोचलं, पण बरोबर आहे. आज फोन करते. पण बोलू काय? ऑक्सिजन नाही विचारायचा तर दुसरं काही सुचतच नाही, इतके दिवस तेच बोललोय.

---

नाईट_ड्युटी | २६ एप्रिल, दुपारी २:२०

म्हशीचं विचारा 😀

---

मोसंबीवाला_जालना | २६ एप्रिल, दुपारी २:४१

वारीचं विचारा ना. टाळ आहे म्हणजे दिंडीत जात असतील.

---

गोदाकाठची_लेक | २६ एप्रिल, रात्री १०:३५

केला फोन. वारीचंच विचारलं.

आधी म्हणाले काय झालं, सगळं ठीक आहे ना, कारण मी मास्कचं विचारलं नाही म्हणून त्यांनाच शंका आली. मग म्हटलं अण्णा यंदा वारी होईल का हो. झालं. अर्धा पाऊण तास एकटेच बोलत होते. मागच्या वर्षी पायी वारी झाली नाही, मानाच्या पालख्या एसटीनं नेल्या, ते त्यांना अजून पचलेलं नाही. पांडुरंगाला काय वाटलं असंल, पालखी यष्टीतून उतरली, असं म्हणाले आणि हसत होते. शेगावची पालखी गंगाखेडला यायची तेव्हा भाकऱ्यांच्या चळती कशा जायच्या, एका वर्षी पिठलं करपलं म्हणून आईनं गावातल्या अर्ध्या बायकांशी भांडण केलं होतं, हे मला माहितीच नव्हतं. आई मागून ओरडत होती की खोटं सांगायलेत, पिठलं नाही वरण करपलं होतं.

मग आवाज जरा बदलला आणि म्हणाले, आषाढी २० जुलैला आहे, घडली तर घडली, नाही घडली तर आपली इथूनच. एरवी मी म्हटलं असतं अण्णा असं का बोलता. मोसंबीवाले दादा तुमचं आठवलं म्हणून गप्प बसले. तर ते पुढं म्हणाले, माझा टाळ तुझ्या पोराला द्यायचा, दादाच्या पोराला पखवाजाची आवड आहे त्याला टाळ नको. आणि टाळाची दोरी कुजलीय, औरंगाबादला चांगली मिळते, येताना आण.

मी रडले, फोनवरच. त्यांना कळलं. म्हणाले सर्दी झालीय का तुला, टेस्ट कर.

रात्री झोप लागेल का माहीत नाही, फोन वाजला तर काळीज तसंच उडणार आहे. स्टेटस बघायचं मात्र बंद केलंय, म्यूट करून टाकले सगळे. तेवढं एक विचारते, टाळाची दोरी कुठं मिळेल कुणी सांगेल का?

---

काढा_किंग_बीड | २७ एप्रिल, सकाळी ७:०४

गुलमंडी शहागंजकडं विचारा ताई. पण आत्ता किराणा-भाजीच तेवढी अकरापर्यंत, बाकी दुकानं बंद. लॉकडाऊन उठलं की घ्या. सुती घ्या, नायलॉनची बोटाला कापते.

---

औसेकर_मामा | २७ एप्रिल, सकाळी ७:४०

दोन जोड घे माय. एक कुजतीच.